लेण्याद्रीच्या पायथ्याशीं

मार्गशीर्षांतील गोष्ट. चंपाषष्ठी होऊन दोनच दिवस झाले होते. चातुर्मासांत आमच्याकडे कांदा, लसूण आणि वांगें वर्ज्य असतें; षष्ठीच्या नैवेद्याबरोबर तीं तिन्ही स्वयंपाकघरांत परत आलीं म्हणजे घराला जरा निराळाच वास येऊं लागतो. त्या संध्याकाळींही भरतासाठीं वांगें भाजत ठेविलें होतें. धाकटी मुलगी शाळेसाठीं अष्टविनायकांची माहिती वहींत लिहीत होती. लेण्याद्रीपाशीं येऊन ती अडली व म्हणाली, "आजी, लेण्याद्रीचा गणपति आंत कसा आहे ग?"

सासूबाई ताटांत तीळ निवडीत होत्या. मान वर न करितां त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी कोठें पाहिला आहे?"

मला नवल वाटलें. आमच्या घरांत लेण्याद्रीचें नांव निघालें कीं, 'आम्हीं पांच वेळां लेण्याद्री केली' असें मोठ्या अभिमानानें सांगण्याची चाल आहे, आणि पांचही खेपांना सासूबाई बरोबर होत्या हें मला पक्कें ठाऊक होतें. खोदून विचारलें तेव्हां एकेक खेप बाहेर पडली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं सगळें घर एस्टीनें जुन्नरला गेलें. पण त्याच सकाळीं त्यांना अडचण आली आणि पायथ्याच्या झाडाखालीं गांठोड्यांपाशीं त्या बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेस मांडीवर सहा महिन्यांचें बाळ झोपीं गेलें होतें. त्याची झोप मोडूं नये म्हणून त्या खालीं थांबल्या. हें बाळ म्हणजेच आमचे यजमान. तिसऱ्या खेपेस माकडांनीं शेजारच्या मंडळींचा डबा पळविला, तेव्हां शिदोरीपाशीं कोणी तरी मोठें माणूस हवें असें ठरलें. चौथ्या खेपेस आजेसासूबाईंना पायऱ्या चढवेनात. त्यांच्या सोबतीला कोण राहणार हा प्रश्न कोणीं विचारलाही नाहीं. आणि पांचव्या खेपेस?

पांचव्या खेपेस मी सून म्हणून ह्या घरांत आलेली होतें. "तुम्ही जा, मी शिदोरीपाशीं बसतें," असें त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळे वर गेलों. मीही गेलें. उतरून आल्यावर त्यांनीं वाढलेला दहींभात मी पोटभर जेवलें, आणि वर देव कसा होता, हें दोन शब्दांनीं त्यांना सांगावें हें देखील मला सुचलें नाहीं. त्या रात्रीं मला नीटशी झोप लागली नाहीं, हें येथें लिहून टाकलेलें बरें.

येत्या बुधवारीं आपण लेण्याद्रीस जाऊं, असें मीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाहीर केलें. बुधवार एवढ्यासाठीं कीं, मंगळवारीं, चतुर्थीला आणि रविवारीं तेथें गर्दी होते, आणि भाद्रपद व माघ ह्या दोन उत्सवांच्या दिवसांत तर पायऱ्यांवर पाऊल ठेवावयास जागा नसते. त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना रिकाम्या पायऱ्या हव्यात. सासूबाईंनीं आधीं 'मला कशाला', मग 'गुडघे', मग 'थंडी' अशा तिन्ही पायऱ्या घेतल्या, आणि शेवटीं त्या आपल्या नेहमींच्या मुद्द्यावर आल्या: "बरें, मग शिदोरीला काय करावयाचें?"

शिदोरी ह्या विषयांत त्यांचा अधिकार मी पूर्णपणें मान्य करितें. प्रत्येक ऋतूची शिदोरी त्यांच्या मतें निराळी. भाद्रपदांत हवा दमट. ओल्या नारळाचें कांहींही बरोबर न्यावयाचें नाहीं, संध्याकाळपर्यंत आंबतें. म्हणून उकडीचे मोदक घरच्या देवाला, आणि प्रवासाच्या देवाला तळणीचे; त्यांचें सारण सुक्या खोबऱ्याचें, खसखशीचें आणि पिठीसाखरेचें, म्हणजे आठ दिवस पाहावें लागत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत बाजरी आणि तीळ. पण बाजरीचें पीठ नेहमीं ताजेंच हवें. तिच्यांत तेलाचा अंश अधिक असल्यामुळें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें, आणि मग भाकरी बिघडली म्हणून सुनेला बोल लागतो. माघांत संक्रांतीच्या उरलेल्या गुळाच्या पोळ्या. चैत्र-वैशाखांत कैरीचा तक्कू आणि दहींभात. भात कालवितांना दहीं थोडें व दूध अधिक घालावयाचें, म्हणजे पोहोंचेपर्यंत त्याचें आपोआप दहीं होतें आणि आंबट लागत नाहीं.

आणि बारा महिने तेरा काळ दशमी. ज्यांच्या घरांतून ही चाल गेली असेल त्यांच्यासाठीं सांगतें. दशमीचें पीठ पाण्यांत भिजवीत नाहींत, दुधांत भिजवितात. जुन्या सोंवळ्या घरांत पाण्याचा संबंध न आलेला हा पदार्थ प्रवासांत चालत असे, आणि म्हणून वाटेवरच्या ब्राह्मणाची ती खरी सोबतीण होती. सोंवळें आतां बहुतेक घरांतून गेलें, परंतु दशमीचा गुण गेला नाहीं. ती दुसऱ्या दिवशींही मऊ राहते. गोड करावयाची असेल तर गूळ दुधांत विरघळवावा, मात्र दूध कढत असतांना नव्हे. कढत दुधांत गूळ पडला कीं तें फाटतें. माझीं पहिलीं दोन भांडीं अशींच फाटलीं होतीं व सासूबाई कांहींही न बोलतां त्याचीं धिरडीं करीत होत्या.

इतकें सगळें खरें. तथापि ह्या खेपेस मला शिदोरीच नको होती. शिदोरी आली कीं तिच्यापाशीं बसणारें माणूस आलें. वाटेंत खानावळी आहेत, आपण कोठें तरी जेवूं, असें मीं सुचविलें, त्यावर "देवाला जावयाचें आणि पदार्थ विकत घेऊन खावयाचे?" असा प्रश्न आला आणि मी गप्प बसलें. अखेरीस तडजोड झाली. वीस दशम्या, तिळाची चटणी, दहींभात, आणि नैवेद्याला तळणीचे अकरा मोदक. मोटारीस कुलूप लावून सगळे जण वर जाऊं म्हटलें, तर बंद मोटारींत उन्हानें भात आंबेल हा आक्षेप निघाला, आणि तो खोटा नव्हता. तेव्हां यजमान पुढें होऊन म्हणाले, "मी बसतों शिदोरीपाशीं. मीं लेण्याद्री चार वेळां पाहिली आहे." ज्यांच्या झोपेपायीं दुसरी खेप हुकली त्यांनींच सहाव्या खेपेस राखण करावी हें मला न्यायाचें वाटलें.

पुण्याहून लेण्याद्री सुमारें ९५ किलोमीटर. नाशिक रस्त्यानें राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगांव, आणि तेथून डावीकडे वळून जुन्नर. मंचर हें आंबेगांव तालुक्यांतील मोठें बाजाराचें गांव. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें मूळ गांव मात्र घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. नांव तेवढें कागदावर आणि पाट्यांवर राहिलें. नारायणगांवाजवळ टोमॅटोच्या गाड्यांची रीघ लागली होती, जुन्नरकडे वळल्यावर द्राक्षांचे मांडव आणि ऊंस. ऊंस पाहून मुलांनीं बिबट्याचा विषय काढला. तो केवळ मुलांच्या गमतीचा विषय नाहीं. ह्या दोन तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबटे राहतात, पिलेंही तेथेंच वाढवितात, आणि माणिकडोहास जायबंदी व पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. येथील आईला सांज झाली कीं अंगणांतलें पोर आंत ओढून घ्यावें लागतें. शहरांत आपण मुलांना मोटारींची भीति घालतों, तशी येथें ही.

जुन्नरपासून लेण्याद्री पांचएक किलोमीटर. कुकडी नदी ओलांडली कीं गोळेगांव, आणि त्याच्या डोक्यावर डोंगराची ती काळी भिंत. दुरून पाहिलें तर भिंतीच्या मध्यावर एका ओळींत भोंकें पाडल्यासारखीं दिसतात, तींच लेणीं. सगळीं मिळून सुमारें तीस, बहुतेक दक्षिणेकडे तोंड केलेलीं. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत बौद्ध भिक्षूंसाठीं तीं कोरलीं गेलीं. त्यांपैकीं सातव्यांत गिरिजात्मज गणपति आहे. अष्टविनायकांपैकीं डोंगरावर असलेलें हें एकच स्थान. पुराणकथा सर्वांस ठाऊक आहे: पुत्र व्हावा म्हणून गिरिजेनें ह्या डोंगरांत बारा वर्षें तप केलें, भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपल्या अंगच्या मळाची मूर्ति करून पूजिली, आणि ती मूर्ति सजीव होऊन तिच्यापुढें उभी राहिली. बाकीच्या सातांचीं नांवें त्यांच्या पराक्रमावरून, भक्तांवरून वा देण्याघेण्यावरून पडलीं. हा एकटा आपल्या आईच्या नांवानें ओळखला जातो.

पायथ्याशीं पुरातत्त्व खात्याचें तिकीट काढावें लागतें. डोलीवाले पुढें आले. सासूबाईंनीं डोलीकडे पाहिलें, मग पायऱ्यांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यावर बसून आईच्या देवाला जावयाचें नाहीं." पायऱ्या तीनशेंच्या आसपास, दगडी, आणि कांहीं बऱ्याच उंच. आम्ही निघालों. यजमान झाडाखालीं सतरंजी पसरून, डबे उशाशीं घेऊन, वर्तमानपत्र उघडून बसले. दहा पायऱ्या चढल्यावर सासूबाई थांबल्या. मला वाटलें गुडघा. परंतु त्या मागें वळून खालीं पाहत होत्या. "दह्याच्या भांड्यावर झांकण घट्ट बसलें आहे ना?" असें त्यांनीं विचारलें. पुढें पंचवीस पायऱ्यांवर पुन्हां तेंच: "चटणीचा डबा त्याला सांपडेल का?" पन्नास वर्षें ज्या बाजूनें हा डोंगर पाहिला ती बाजू सुटतां सुटत नव्हती.

आम्ही घाई केली नाहीं. वीस पायऱ्या, मग बसणें. पुन्हां वीस, पुन्हां बसणें. माकडें कठड्यावर आमच्या शेजारींच येऊन बसत. ज्या भगिनींना येथें यावयाचें असेल त्यांनीं हातांत उघडी पिशवी, फुलांची परडी किंवा खाऊ दिसेल असा धरूं नये, आणि चष्माही सांभाळावा. आमचे मोदक मीं लोखंडी डब्यांत घालून, डबा कापडांत व कापड पिशवींत असे तीन पदर केले होते. तरी एका थोराड माकडानें पिशवीकडे पाहिलें तें अशा रीतीनें कीं, सारणांत काय आहे हें त्याला समजलें असावें. चढतां चढतां सासूबाई आजेसासूबाईंच्या गोष्टी सांगूं लागल्या. ज्या मीं कधीं ऐकल्या नव्हत्या. चौथ्या खेपेस त्या दोघी खालीं बसल्या असतां, आजेसासूबाईंनीं आपल्या हातांतील एक बांगडी काढून ह्यांना दिली होती, आणि 'वर गेलेल्यांना सांगूं नकोस' असें बजाविलें होतें. ती बांगडी पुढें यजमानांच्या शिक्षणाच्या वेळीं मोडली. पायथ्याशींही कांहीं घडत असतें, हें वर जाणाऱ्यास कसें कळावें?

सुमारें पाऊण तासानें आम्ही वर पोहोंचलों. प्रथम सहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह पाहिलें. आंत दोन्ही बाजूंस खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि सिंह कोरलेले, मागें स्तूप, आणि वर लांकडी घराच्या वांशांसारख्या दगडांतच कोरलेल्या कमानी. जेथें लांकडाची गरज नाहीं तेथेंही कोरणाऱ्या हातांना लांकडी घराची आठवण सुटली नाहीं, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. आपणही गॅसच्या शेगडीला चूलच म्हणतों. ह्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लेख आहे. कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, सुलसदत्त नांवाच्या मुलानें हें दान दिलें असें त्यांत म्हटलें आहे. कल्याणचें बंदर, नाणेघाट, जुन्नर ही त्या काळची व्यापाराची वाट होती, आणि त्या वाटेवरच्या पैशानें हे डोंगर कोरले गेले.

शेजारींच सातवें लेणें. पुढें खांबांची ओसरी, मग दार, आणि आंत पाऊल टाकतांच डोळ्यांना कांहीं दिसेनासें होतें व पायांना मात्र गारवा कळतो. दिवाणखाना पन्नास फुटांहून अधिक लांब व तितकाच रुंद, आणि इतक्या मोठ्या दगडी छताखालीं मधें एकही खांब नाहीं. तिन्ही बाजूंस भिंतींत मिळून वीस खोल्या. समोरच्या भिंतींत गिरिजात्मज. सुटी मूर्ति नव्हे, कातळांतूनच उमटलेली, शेंदरानें माखलेली. आम्ही होतों तेव्हां तेथें आणखी एक कुटुंब होतें आणि तान्ह्या मुलाला देवापुढें ठेवून त्याची आई पदरानें डोळे पुशीत होती. कोणता नवस, तें आम्हीं विचारलें नाहीं.

सासूबाई देवापुढें बराच वेळ उभ्या होत्या. येथें भाविक लोक असें सांगतात कीं, देवाचें तोंड डोंगराच्या पलीकडे आहे आणि आपल्याला दिसते ती त्याची पाठ. पुजाऱ्यांनींही तें सांगितलें. त्यावर सासूबाई हंसून म्हणाल्या, "बरें झालें. मीही इतकीं वर्षें त्याच्याकडे पाठ करूनच बसलें होतें. फिटंफाट झाली." पुजारीही हंसले. मग नैवेद्य दाखविला, आणि मला वाटलें आतां त्या थकून बसतील. परंतु त्या भिंतीच्या कडेनें चालूं लागल्या. एकेका खोलींत त्या डोकावत, वर छताकडे पाहत, भिंतीवर हात फिरवीत, आणि पुढें जात. वीसही खोल्या झाल्यावर माझ्यापाशीं येऊन म्हणाल्या:

"एवढ्या खोल्या आणि चूल कोठेंच नाहीं. धुराचा डागही नाहीं. मग ह्यांना जेवावयास कोण घालीत असे?"

एवढीं वर्षें मीं पुस्तकांतून लेण्यांविषयीं वाचलें, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. उत्तर मात्र मला ठाऊक होतें, तें मीं सांगितलें. भिक्षूनें स्वतः रांधावयाचें नाहीं, अन्न साठवून ठेवावयाचें नाहीं, आणि दुपार टळल्यावर जेवावयाचें नाहीं असा त्यांचा नियम. पावसाळ्यांत हिंडावयाचें नाहीं, एका जागीं राहावयाचें. त्याला ते वर्षावास म्हणत, आपल्या चातुर्मासासारखेंच तें. सकाळीं पात्र घेऊन डोंगर उतरावयाचें, गांवांत घरोघर उभें राहावयाचें, पडेल तें घ्यावयाचें आणि मध्यान्हीच्या आंत जेवावयाचें. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत मिळून अशीं दोनशेंच्या आसपास लेणीं आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत चित नांवाच्या एका यवनानें संघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे; इरिल नांवाच्या दुसऱ्या एका यवनानें दोन 'पोढी', म्हणजे पाण्याचीं टाकीं, दिल्याचाही लेख जुन्नरलाच आहे. मंडप देणाराचें नांव राहिलें, पाणी देणाराचें राहिलें. मंडपांतलें अन्न कोणीं शिजविलें तें दगडावर यावयाचें कारण नव्हतें.

सासूबाईंनीं सगळें ऐकून घेतलें आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे खालीं कोणी तरी बसलेली होतीच."

आम्ही ओसरींत येऊन बसलों. समोर कुकडीचें खोरें, हिरवें आणि करडें, मधें जुन्नर आणि पलीकडे शिवनेरी. मुलगी बोटानें दाखवूं लागली. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं त्या किल्ल्यावर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. जिजाबाईसाहेबांचें बाळंतपण त्या उंच, वाऱ्याच्या, टाक्यांतल्या पाण्यावर निभावणाऱ्या जागीं झालें. पाठ्यपुस्तकांत पाळणा असतो. पाळण्याभोंवतीं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, ऊनऊन पाणी आणि तें गडावर वाहून नेणाऱ्या बायका असणारच, एवढें कोणत्याही बाळंतिणीच्या आईला सांगावें लागत नाहीं.

आणखी पश्चिमेस, जुन्नरपासून तीसएक किलोमीटरांवर, नाणेघाट. तेथील गुहेंत सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. पति सातकर्णी ह्याच्यासह केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची, गाईंची, घोड्यांची, नाण्यांची यादी त्यांत आहे. हिशेबाची वही लिहावी तशी. त्याच लेखांत राणीला कांहीं विशेषणें लावलीं आहेत. ती महिनाभर उपवास करणारी आहे. आणि ती 'गहतापसा' आहे, म्हणजे घरांत राहून तप करणारी. दोन हजार वर्षांपूर्वीं कोणाला हा शब्द सुचला कोण जाणे. गिरिजेला तपासाठीं डोंगर मिळाला. हिच्यामागें राज्य होतें आणि मुलें होतीं. हा शब्द मीं सासूबाईंना सांगितला तेव्हां त्यांनीं तो दोनदां म्हणून पाहिला, आणि "उपवास महिनाभर? मग घरच्यांचें कोण करीत असे?" असें विचारलें.

त्याच पश्चिमेकडच्या डोंगरांतून महादेव कोळी कुटुंबें हिरडा गोळा करितात. ज्या घरांत तान्हें मूल वाढलें त्या घरच्या सहाणेवर बाळहिरडा उगाळला गेला असेलच. गुटींत त्याचे दोन वेढे असत. तो कोठून येतो हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. आमच्या गुटीच्या डब्यांतला तुकडा बहुधा ह्याच बाजूचा असेल, असें म्हणून सासूबाईंनीं त्या डोंगरांकडे जरा निरखून पाहिलें.

उतरणें चढण्याहून कठीण गेलें. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. ज्यांना त्रास आहे त्यांनीं तिरपें पाऊल टाकावें आणि एका हातानें कठडा सोडूं नये. खालीं आलों तों एक वाजून गेला होता. झाडाखालचें दृश्य दुरूनच दिसलें. यजमान तोंडावर वर्तमानपत्र घेऊन निजले होते. दशम्यांचा डबा उपडा पडला होता, दहींभाताचें भांडें निर्मळ झालें होतें, आणि सतरंजीच्या कोंपऱ्यावर एक माकडीण, पोटाशीं पिलूं धरून, शेवटची दशमी सावकाश खात होती. चटणीला मात्र कोणींही हात लाविला नव्हता.

मला वाटलें, आतां सासूबाई रागावणार. पहांटे चारला उठून त्यांनीं त्या दशम्या लाटल्या होत्या. त्या कांहीं वेळ त्या माकडिणीकडे पाहत राहिल्या. मग मुलाला हलवून जागें करीत म्हणाल्या, "पन्नास वर्षांत माझ्या हातून एक घांस गेला नव्हता. तुला एक दिवस बसविलें!" आणि इतक्या हंसल्या कीं त्यांना पायरीवर बसावें लागलें. मला वाटतें, यजमानांना त्या रागावल्या असत्या तर अधिक बरें वाटलें असतें. परतीच्या वाटेवर त्यांनीं एकदांच, गाडी चालवितां चालवितां, "आई, सहा महिन्यांचा असतांना मला उठवून वर न्यावयाचें होतेंस," असें म्हटलें. त्यावर सासूबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

उरलेले मोदक दोन-दोन खाऊन आम्ही नारायणगांवपर्यंत आलों. तेथें एका साध्या खानावळींत मासवडी मिळेल अशी पाटी होती. सासूबाई नांव वाचून दचकल्या. ज्या भगिनींनाही दचकावयास झालें असेल त्यांनीं निश्चिंत असावें; पदार्थ शुद्ध शाकाहारी आहे. जुन्नर भागांतली ही खास वस्तु. बेसन पाण्यांत घालून, सतत घोटून, घट्ट पिठल्यासारखें शिजवावयाचें. तें गरम असतांनाच ओल्या फडक्यावर थापून, मधें भाजलेलें सुकें खोबरें, तीळ, खसखस, कांदा व लसूण ह्यांचें तिखट सारण पसरून, फडक्याच्या साह्यानें दुमडावयाचें. दाबल्यावर माशाच्या आकाराची लांबट वडी होते, एवढ्यावरून हें नांव. वड्या कापून त्या झणझणीत रश्शाबरोबर आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. चंपाषष्ठी होऊन गेली असल्यामुळें कांद्या-लसणीचीही अडचण नव्हती.

खानावळीच्या बाईंनीं ताटें आणून ठेविलीं. सासूबाई ताटावर हात ठेवून बसल्या, आणि आम्ही सगळे जेवूं लागलों तरी त्या तशाच. मीं विचारलें, "आवडलें नाहीं का?" तर म्हणाल्या, "तसें नाहीं. सगळ्यांना वाढून झालें का, तें पाहतें आहें." बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनीं ऐकलें आणि म्हणाल्या, "आजी, वाढावयास मी आहे. तुम्ही बसा." मग त्या जेवल्या. अर्धी भाकरी खाणाऱ्या सासूबाईंनीं दीड भाकरी खाल्ली, रस्सा दोनदां मागून घेतला, आणि नंतर आंत जाऊन, फडकें ओलें किती करावयाचें, बेसन हाताला चिकटूं नये म्हणून काय करितां, ह्याची सविस्तर विचारपूस करून आल्या. घरीं येतांच पुढच्या रविवारीं त्यांनीं मासवडी केली. पहिली वडी दुमडतांना फुटली, दुसरी साधली.

मुलीची वही शुक्रवारीं द्यावयाची होती. लेण्याद्रीच्या पानावर तिनें पुस्तकांतली माहिती लिहिली होतीच: पायऱ्या किती, लेणीं किती, कोणतें शतक. खालीं थोडी जागा उरली होती. तेथें काय लिहूं, असें तिनें आजीला विचारलें. सासूबाईंनीं हातांतलें काम बाजूला ठेविलें, चष्मा लाविला, आणि तिच्या शेजारीं बसून एकेक वाक्य सांगितलें. तिनें तें तसेंच उतरून घेतलें: आंत फार गार असतें. मधें खांब नाहींत. देव भिंतींतच आहे. चूल नाहीं.